३ किलोवॅटचं सोलर आहे, तरी मे महिन्यात रोज ९-१० युनिटच मिळतात. अजून दोन पॅनल वाढवावेत का?

पॅनल वाढवू नका, निदान आत्ताच नको. तुम्ही लिहिलंय की सेलूजवळच्या गावात घर आहे, गच्चीवर ३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर आहे, बसवणाऱ्यानं रोज १२ युनिट सांगितले होते, पण ऐन उन्हाळ्यात आकडा ९-१० च्या वर जात नाही आणि बिलही येतंच आहे. मी लातूर भागात सोलर जोडणीची कामं करतो. ही तक्रार दर उन्हाळ्यात कानावर येते, आणि बहुतेक घरी पॅनल कमी नसतात. आहेत त्याच पॅनलची वीज मधे कुठंतरी वाया जात असते.

आधी उन्हाचं बघू. पॅनलवर छापलेले वॅट हे पॅनल स्वतः २५ अंशांवर असताना मोजलेले असतात. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे हवाच ४२ अंश असते, पॅनल ६५ पर्यंत तापतो. २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे चाळीस अंशांचे १४ टक्के तिथंच गेले. १२ युनिट हा आकडा खोटा नाही, पण ती वर्षाची सरासरी आहे. आभाळ निरभ्र आणि हवा त्यामानानं बरी, असा फेब्रुवारी-मार्च आपल्या भागात सोलरच्या सुगीचा काळ. उष्णतेवर हातात असलेला इलाज म्हणजे पॅनलखाली वारा खेळू देणं. पत्र्याला चिकटवून बसवले असतील तर निदान वीतभर उचलून घ्या. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालणाऱ्या विजेत बदलणारी पेटी, पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगलेला असेल तर तो सावलीत हलवा, कारण जास्त तापला की तो आपणहून वीज कमी करतो.

तरीही फक्त उन्हानं इतकी घट होत नाही. माझा खरा संशय लाईनवर आहे. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणची लाईट असेल तरच चालतो. लाईट गेली की भर उन्हातही तो बंद होतो, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या घरच्या विजेचा शॉक बसेल. लाईट आली तरी तो लगेच सुरू होत नाही, काही मिनिटं लाईन तपासत थांबतो. दुपारी अकरा ते दोनमध्ये लाईट तासभर गेली तर दोनेक युनिट गेले समजा. ही घट पॅनल वाढवून भरून निघत नाही, कारण वाढवलेले पॅनलही त्याच तासाला बंद असतात.

याहून छुपी गोष्ट म्हणजे व्होल्टेज. खेड्यात डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, घर लांब असतं. दुपारी घरात वापर नसला की सोलरची सगळी वीज बाहेर ढकलली जाते आणि त्या लांबलचक तारेवर व्होल्टेज चढत जातं. ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, खाली आलं की परत जोडतो, असं दिवसभर चालतं. घरात पंखा नीट फिरत असतो, त्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही. मोबाईलमधलं इन्व्हर्टरचं ॲप उघडा आणि दिवसाचा आलेख बघा. निरभ्र दिवशी तो टेकडीसारखा सलग गोल हवा. दुपारी कंगव्यासारखे दात दिसले, किंवा नोंदींमध्ये ग्रिड ओव्हर व्होल्टेज असं वारंवार आलं असेल, तर तुमची दोन युनिटं सापडली. मग इन्व्हर्टर ते मीटर ही वायर किती जाडीची आहे ते बघा. लांब अंतराला बारीक वायर ओढली असेल तर इन्व्हर्टरजवळ व्होल्टेज आणखी चढतं. वायर जाड घ्या, दुपारचं व्होल्टेज मोजून ठेवा आणि डीपीचं टॅपिंग (तिथून निघणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) तपासायला महावितरणला लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून हे काम होत नाही. तोवर बोअरची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री अकरा ते तीनमध्ये चालवा. वीज घरातच खपली की बाहेरचं व्होल्टेज तेवढं चढत नाही.

सावलीचं तुम्ही काही लिहिलं नाही. मे महिन्यात सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे आत्ता सावली दिसणार नाही. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारी टाकीची सावली टाकीच्या उंचीएवढी पडते, सकाळी आणखी लांब. पॅनल एकाच माळेत जोडलेले असतात, म्हणून एका पॅनलवरची सावली तेवढ्यापुरती राहत नाही. टाकी किंवा डिश दक्षिणेला असेल तर ती उत्तरेला न्या, यात पैसे फारसे जात नाहीत.

आता धूळ. सोयाबीनची, तुरीची, हरभऱ्याची मळणी जवळपास चालू असली की आठ दिवसांत काचेवर भुसकटाचा थर बसतो, तेवढ्या काळात दर आठवड्याला पुसा. एरवी पंधरा दिवसांनी पुरे. पॅनलच्या खालच्या कडेला, जिथं काच फ्रेमला टेकते तिथं, बोट फिरवून बघा. धूळ आणि दव मिळून तिथं चिखलाची बोटभर पट्टी वाळलेली असते. वरून पॅनल स्वच्छ दिसतो, पण ती पट्टी खालच्या सेलच्या अख्ख्या ओळीवर सावली धरते. जुन्या टूथब्रशनं ती काढा.

पाण्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं लातूर आमचं, त्यामुळे पॅनलवर पाइप लावून फवारे मारणं मला बघवत नाही. त्याची गरजही नाही. सहा पॅनलला दोन बादल्या पुरतात. शिवाय आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, तसंच वाळू दिलं की काचेवर पांढरे डाग बसतात आणि मग निघत नाहीत. रबरी वायपरनं लगेच ओढून घ्या. घरी एसी असेल तर त्याचं टपकणारं पाणी बादलीत साठवा, त्यात क्षार नसतात, काचेसाठी याहून चांगलं पाणी नाही. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं मात्र वापरू नका, त्यात क्षार उलट वाढलेले असतात. पुसायचं पहाटे किंवा सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका आणि पॅनलवर पाय ठेवू नका, आतला सेल तडकतो आणि वरून दिसत नाही.

बिल का येतं, याचं उत्तर तारखेत आहे. स्थिर आकार तर सोलर असलं तरी भरावा लागतोच. त्यापलीकडे, तुम्ही बाहेर दिलेले जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा धरले जातात, पण हे खातं ३१ मार्चला बंद होतं. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण आपण भरतो त्याहून बऱ्याच कमी दरानं. म्हणजे हिवाळ्यात साठवलेली शिल्लक कूलर लावायच्या तोंडावरच संपते आणि एप्रिल-मे कोऱ्या पाटीवर सुरू होतो. म्हणून फेब्रुवारीच्या बिलावर शिल्लक युनिट बघत जा. बरीच असतील तर मार्चभर गॅसऐवजी इंडक्शनवर स्वयंपाक करा, त्या युनिटला कमी दर घेण्यापेक्षा सिलेंडर वाचलेला परवडतो.

दोन पॅनल वाढवायचेच म्हटले तर हेही लक्षात घ्या की पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॅटलाच ७८,००० रुपयांवर थांबतं, वरच्या पॅनलचा खर्च पूर्ण तुमचा. तोच पैसा, गावात दुपारी लाईट फार जात असेल तर, हायब्रिड इन्व्हर्टर आणि छोट्या बॅटरीत घालणं मला जास्त पटतं. त्यावर लाईट नसतानाही पॅनल चालू राहतात. आधी ॲपमधला आलेख बघा. तो सलग असेल, सावली नसेल, काच स्वच्छ असेल आणि तरी मार्चच्या निरभ्र दिवशी १२ युनिट होत नसतील, तर बसवणाऱ्याला बोलावून प्रत्येक पॅनलचं व्होल्टेज वेगवेगळं मोजून घ्या. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच कमी निघाला तर तो वॉरंटीत बदलून मागा.