निवडुंगाची फांदी लावली की दरवेळी बुडातून कुजते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की उभ्या निवडुंगाची फांदी आणली त्याच संध्याकाळी शेतातल्या मातीत लावली आणि रोज थोडं पाणी घातलं. सांगलीत ही तिन्ही कामं एकदम केल्यावर दुसरं काय होणार!

ताजा काप ओल्या मातीत गेला की बुरशीला आयतं दार मिळतं. सुरी स्पिरिटने पुसून कापा आणि फांदी सावलीत, वारा लागेल अशी ठेवा. फड्या निवडुंगाच्या पानाला आठवडा पुरतो, मनगटाएवढ्या खोडाला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत ती मरत नाही, पाणी तिच्या पोटातच असतं. कापाच्या मधोमध फिकट गोल कडं दिसेल, मुळं बहुधा तिथूनच फुटतात. सुकताना गर आत ओढला जातो आणि सालीची कड पुढे राहते, म्हणून कापतानाच ती कड पेन्सिलीसारखी तासून घ्यायची. कड्यात तांबूस ठिपके असतील तर कूज वर चढलीय. ते संपेपर्यंत वरवर कापत जा, दरवेळी सुरी पुसून. तुमच्या कुजलेल्या फांदीचा शेंडा अजून कडक असेल तर तोही असाच वाचेल.

आता माती. कृष्णाकाठची काळी माती उसाला सोनं, पण कुंडीत ती पाणी धरून बसते. वाळू चाळल्यावर चाळणीत उरते ती भरड आणि हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे मिळून निम्म्याहून जास्त घ्या. बाकी मुरमाड माती आणि मूठभर जुनं शेणखत. तांब्याभर पाणी ओतून बघा, ते लगेच खालून निघालं पाहिजे. वर साचलं तर भरड वाढवा. कुंडी मातीची आणि लहानच बरी.

फांदीचं बूड खालीच ठेवून जेमतेम उभी राहील इतकीच खोचा, काडीला बांधा, आठवडाभर पाणी नाही. रोज उपटून बघायचा मोह आवरा. हलकं ओढल्यावर अडकली की मुळं धरलीत. मग भरपूर पाणी द्या आणि माती पूर्ण वाळेपर्यंत परत नको. हे सगळं उन्हाळ्यात करा, जूननंतर कुंडी पत्र्याखाली. जत-आटपाडीकडे ड्रॅगन फ्रूटवाले कांड्या अशाच सुकवून लावतात, तोही निवडुंगच.

कापल्यावर पांढरा चीक आला का? मग ते बहुतेक शेराच्या जातीतलं झाड आहे. चीक धुऊन टाका, डोळ्यांत जाऊ देऊ नका, बाकी रीत हीच. आणि नर्सरीतला लाल-पिवळा गोळा मात्र कापून लावू नका. त्यात हरितद्रव्यच नसतं, खालच्या हिरव्या खोडावर कलम केलाय म्हणून तो जगतो.