अपास्त, व्यस्त आणि अस्त्र

प्रश्न असा आला आहे: अकरावीच्या मुलांना ‘अपास्ताने वेढलेला प्रदेश’ म्हणावं की ‘अपास्ताचं क्षेत्रफळ’?

दोन्ही नको. अपास्त म्हणजे इंग्रजीतला ‘हायपरबोला’, दोन शाखांचा वक्र. त्याच्या शाखा अनंतापर्यंत उघड्या असतात. एखादी रेषा घातल्याशिवाय आत काही कोंडलं जात नाही. आणि क्षेत्र म्हणजे जागा, क्षेत्रफळ म्हणजे तिचं माप. ‘हे क्षेत्रफळ रंगवा’ असं शिक्षकांच्याच तोंडून ऐकलं की संताप होतो. माप कसं रंगवणार?

आता मूळ शब्दाकडे या. संस्कृतात ‘अस्’ म्हणजे फेकणे. फेकायचं ते अस्त्र. अप + अस्त म्हणजे दूर फेकलेलं. ग्रीक ‘हायपरबोला’तही फेकण्याचाच धातू आहे, तोच ‘बॅलिस्टिक’मध्ये आहे. म्हणजे ‘बॅलिस्टिक क्षेपणास्त्र’ म्हणताना आपण दोन भाषांतलं फेकणं एका दमात उच्चारतो! त्याहून सुंदर म्हणजे ‘व्यस्त’: वि + अस्त, धातू तोच. क्ष दुप्पट झाला की य निम्मा, गुणाकार कायम, हे व्यस्त प्रमाण मुलं शाळेतच शिकतात आणि त्याचा आलेख अपास्तच निघतो. अपास्ताची ओळख इथूनच करून द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

अपास्ताला हिंदीत ‘अतिपरवलय’ म्हणतात (परवलय म्हणजे आपलं अन्वस्त, पॅराबोला). तो शब्द मराठीत आणू पाहणाऱ्यांनी अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञाचा विचार समजून घ्यावा. इसवी सनापूर्वी २००च्या सुमारास त्याने वक्रावरच्या बिंदूच्या उंचीवर चौरस काढला आणि ठरावीक लांबीच्या आयताशी तो ताडून पाहिला. बरोबर भरला तर अन्वस्त, कमी पडला तर विवृत्त (इलिप्स), जास्त झाला तर अपास्त. ‘अति’ आहे ते चौरसाचं क्षेत्रफळ, परवलय नव्हे! आणि दोन उघड्या शाखांत वलय कुठून आलं?

नवख्यांना आलेखकागदावर क्ष × य = १ काढून द्या. (१, १) आणि (२, १/२) हे बिंदू आरंभबिंदूला जोडा. दोन रेषाखंड आणि वक्राचा कंस यांत जे क्षेत्र सापडतं, ती माझ्या मते ‘अपास्तपाकळी’; ‘वर्तुळपाकळी’ दहावीत झालेलीच असते. हिचं क्षेत्रफळ सुमारे ०.६९३. पुढे (२, १/२) ते (४, १/४) ही पाकळी लांबुडकी आणि बारीक दिसते, पण क्षेत्रफळ तेवढंच. क्ष दरवेळी दुप्पट करा, प्रत्येक पाकळीचं क्षेत्रफळ समान. ग्रेग्वार द सँ-व्हँसाँ या जेझुइट गणितज्ञाने अपास्ताखालच्या क्षेत्रांचा हा गुण १६४७ मध्ये प्रसिद्ध केला. लॉगॅरिदमचंही असंच: संख्या दुप्पट केली की त्यात दरवेळी तेवढीच भर पडते, आणि २चा नैसर्गिक लॉगॅरिदम हाच ०.६९३. नैसर्गिक लॉगॅरिदमला पूर्वी हायपरबोलिक लॉगॅरिदम म्हणत, ते यामुळेच.