फ्रीझरआधी तो बॉन्ड बाहेर काढा

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"घरात आम्ही पाच माणसं. दर रविवारी किलोभर मटण आणि बुधवारी किलोभर चिकन लागतं. दर वेळी माल वेगळा, भावही वेगळा. म्हणून तीन घरं मिळून अख्खा बोकड घ्यायचं चाललंय. २० किलोचा बोकड ७,६०० ला मिळतो, म्हणजे ३८० रुपये किलो, आणि दुकानात ८००! त्यासाठी २०० लिटरचा डीप फ्रीझर घ्यावा का? किंमत २१,०००, बारा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते. हप्त्यांची काळजी नाही. सासरे रिटायर झाले, त्यांना २६ लाख मिळाले. त्यातले ३ लाख बँकेतल्या मॅडमनी १२ टक्क्यांच्या योजनेत लावून दिलेत, दरवर्षी ३६,००० येणार आहेत. त्याचा बॉन्डही याच महिन्याच्या ३ तारखेला आला."

ताई, पत्रावर तारीख २१ आहे. ते वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला निरोप पाठवला, कारण हे सविस्तर उत्तर लिहून होईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. फ्रीझर दिवाळीनंतरही मिळेल. पण बॉन्ड परत करायची ३० दिवसांची मुदत (तिला फ्री लूक म्हणतात) तो हातात पडल्यापासून मोजतात आणि त्यातले अठरा दिवस गेलेत.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतला तक्ता मी नीट पाहिला. ही मुदत ठेव नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे आणि बॉन्ड म्हणजे तिचाच कागद. ३ लाख एकदाच भरायचे नाहीत, दरवर्षी आठ वर्षं भरायचे आहेत, एकूण २४ लाख. दरवर्षी ३६,००० आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी ४० लाख. विमा उतरवलाय तुमच्या यजमानांच्या नावावर आणि पैसे जाणार आहेत बाबांचे, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचे.

आता ते १२ टक्के कुठून आले ते पाहा. पहिल्या वर्षी ३ लाखांवर ३६,००० म्हणजे १२ टक्के, इतपत खरं. दुसऱ्या वर्षी तुमचे ६ लाख अडकलेले असतील, येतील ३६,०००च, म्हणजे ६ टक्के. आठव्या वर्षी २४ लाखांवर ३६,०००, म्हणजे दीड टक्का. शेवटचे ४० लाख धरून वीस वर्षांचा पूर्ण हिशेब मांडला तर वर्षाला ४.७ टक्क्यांच्या आसपास पडतात. पोस्टात साधी मुदत ठेव केली असती तरी याहून जास्त मिळाले असते. ज्या बाईंनी हा आकडा सांगितला त्यांना हे गणित येत नाही असं मी मानत नाही, आणि म्हणूनच मला राग येतो.

बोकडाच्या बाबतीत तुमचं तेच झालंय. २० किलो हे जिवंत वजन. कातडं, आतडी, मुंडी, पाये गेले की हातात साधारण निम्मं येतं, फार तर १० किलो. ७,६०० आणि खाटकाचे कापायचे ४०० धरले तर ८,००० भागिले १० म्हणजे ८०० रुपये किलो. दुकानाचाच भाव. मुंडी, पाये, कलेजी वरचं मिळालं आणि बोकड डोळ्यांनी बघून घेतला, एवढा फायदा आहे आणि तो खराही आहे. पण ३८० हा भाव कुठेच नाही. तसाच तो १२ टक्क्यांचा आकडा जिवंत वजनाचा आहे.

त्याहून मोठी गोष्ट पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात: बाबांचं पेन्शन महिना २,९०० रुपये. त्यांच्या खात्यात आता २३ लाख उरलेत आणि पुढच्या सात वर्षांत या पॉलिसीला २१ लाख द्यायचे आहेत. उरतात २ लाख. माणूस ६१ वर्षांचा आहे. आजारपण, औषधं, कुठे जाणं-येणं, देणं-घेणं हे सगळं २ लाखांत? पॉलिसीची मुदत संपेल तेव्हा ते ८१ वर्षांचे असतील. हा पैसा त्यांच्या म्हातारपणाचा आहे आणि तो त्यांच्याच हयातीत त्यांच्या हाताला लागला पाहिजे.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक काका असाच बॉन्ड घेऊन आले होते. प्लास्टिकच्या पाकिटाचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं, वर हळदीकुंकवाचं बोट. देवघरात ठेवला होता म्हणे. पाकीट फोडून मी पोहोचल्याची तारीख विचारली तर त्रेचाळिसावा दिवस निघाला. पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी पॉलिसी सोडली तर काहीच परत मिळत नाही आणि नंतर सोडली तरी भरलेल्यातला मोठा घास जातो. त्या काकांसमोर बसून तो आकडा सांगताना माझी जीभ जड झाली होती. तुम्हाला तो सांगायची पाळी येऊ नये.

म्हणून सोमवारी सकाळी काय करायचं ते सांगतो. बँकेत जायचं नाही, विमा कंपनीच्या इंदूरच्या शाखेत जायचं. अर्जावर सही तुमच्या यजमानांची लागेल, कारण पॉलिसी त्यांच्या नावावर आहे. अर्जात एक ओळ स्पष्ट लिहा: "मुदत ठेव असल्याचं सांगून विमा विकला गेला, फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करावी." सोबत मूळ बॉन्ड, त्याची झेरॉक्स, रद्द केलेला चेक आणि ओळखपत्र. पोच घ्या, तिच्यावर शिक्का आणि तारीख हवी. तोच अर्ज कंपनीच्या ईमेलवरही टाका. स्टँप ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. ती यजमानांच्या खात्यात येईल, तिथून त्याच दिवशी बाबांच्या खात्यात वळती करा.

बँकेतून फोन येईल. "सर, इतकी चांगली योजना का मोडताय", "मी बघते, तुम्ही अर्ज देऊ नका", "पुढच्या आठवड्यात येते घरी". तो पुढचा आठवडा म्हणजेच तुमची मुदत. फोनवर हो-नाही काही बोलू नका. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे, फी लागत नाही आणि वकीलही नको.

पैसे परत आले की २२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, पोस्टात किंवा बँकेत. व्याज ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी ४५,१०० रुपये, म्हणजे महिना १५,०००. बाबांचं खरं पेन्शन हे. उरलेले साधारण ४ लाख दोन-तीन मुदत ठेवींत तोडून ठेवा, दवाखान्यासाठी. यजमानांचा विमा हवाच, पण तो साधा टर्म घ्या, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा. ३९ व्या वर्षी एक कोटीचं संरक्षण वर्षाला पंधरा-वीस हजारांच्या घरात मिळतं, ते त्यांच्या पगारातून भरा.

आता फ्रीझर. नको. पहिला ३६,००० चा हप्ता आला असता तो वर्षाने आणि फ्रीझरचा १,७५० चा हप्ता सुरू होतो पुढच्या महिन्यात. बिनव्याजी म्हणतात, पण रोख घेतला तर दुकानदार हजार-दीड हजार सोडतोच, ते तुम्ही गमावता. आणि विजेचं बिल बघा. तुमचं घर महिना १३५ ते १४० युनिटवर आहे, म्हणून मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती या वीज-सवलत योजनेत पहिली १०० युनिट १०० रुपयांत पडतात. फ्रीझरची ४० युनिट वाढली की १५० ची रेघ ओलांडली आणि ती सवलत गेली. कूलरमुळे उन्हाळ्यात ती तशीही जाते, पण वर्षातले सात महिने चारशे-साडेचारशेचा फटका. वाढीव युनिट, गेलेली सवलत आणि फ्रीझरची झीज मिळून वर्षाला आठ-साडेआठ हजार. तुम्ही बचत धरली होती महिना ६००. श्रावण, नवरात्र वगैरे वजा जाता दहा महिने, म्हणजे ६,०००. तीही त्या ३८० च्या भावावर!

पण चांगलं मटण निवडून घ्यायची तुमची हौस मला मनापासून पटते. तीन घरांत बोकड वाटला तर वाट्याला सव्वातीन किलो येतं आणि तेवढं तुमच्या डबल डोअर फ्रिजच्या वरच्या कप्प्यात आरामात मावतं. फक्त आजच्यासारखं काळ्या पिशवीत कोंबून नको. सकाळी कापलेलं मटण त्याच दिवशी गोठवलं तर वातड होतं, दोन शिट्ट्या जास्त देऊनही. आधी एक रात्र खालच्या कप्प्यात झाकून ठेवा. मग पाणी टिपून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या झिपच्या पिशव्या करा, हवा दाबून काढा, पिशवी तळहाताएवढी जाड नाही तर भाकरीएवढी पातळ थापा. पातळ पिशवी पटकन गोठते, बर्फाचे कण बारीक राहतात, सुटताना रस वाहून जात नाही. गोठली की वह्यांसारख्या उभ्या लावा. मार्करने तारीख आणि काय आहे ते लिहा: राण, चाप, सीना, नळ्या, खिमा. खिमा तीन-चार महिन्यांत संपवा, पीस सहा महिन्यांत. हवा लागून पांढरे पडलेले तुकडे विषारी नसतात, पण चव गेलेली असते. काढताना रात्री खालच्या कप्प्यात उतरवा. इंदूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवून सोडवायचं नाही, आणि एकदा सुटलेलं कच्चं मटण पुन्हा गोठवायचं नाही.

आणखी एक, माझ्या सवयीचं. इथल्या हिंदी लोकांचा सावन आपल्या मराठी श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. त्या पंधरवड्यात मटणाच्या दुकानावर गर्दी नसते, खाटीक निवांत असतो आणि हवा तो तुकडा हवा तसा काढून देतो. मी वर्षातली मोठी खरेदी तेव्हाच करतो.

या रविवारी मात्र किलोभरच आणा. सोमवारी पोच मिळाली की शिक्क्यावरची तारीख वाचता येईल असा तिचा फोटो काढून मला पाठवा.