कॉलेजच्या दारात जुनी केस

प्रश्न : सॅन होजेत माझ्या मुलीच्या प्रोजेक्ट-ग्रुपमध्ये मेक्सिकन वंशाचा एक मुलगा आहे. तुरुंगात राहून आल्याचं त्यानेच सांगितलं. प्रवेश देताना कॉलेज काहीच विचारत नाही का?

उत्तर : कॅलिफोर्नियात 2020च्या कायद्याने जुन्या गुन्ह्याबद्दलचा प्रश्न प्रवेशअर्जातून काढला; काही व्यावसायिक पदव्या आणि पोलीस प्रशिक्षण तेवढं वगळलं. योग्यच झालं. न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठात असा रकाना होता, तेव्हा 'हो' लिहिणाऱ्या तिघांपैकी जवळपास दोघे अर्ज अर्धवटच सोडत. नकार द्यायची वेळच येत नसे. तुमची काळजी समजते; पण शिक्षा भोगून झाल्यावर वर्गात बसायला पुन्हा निर्दोषपणा का सिद्ध करावा?

प्रश्न : गुन्हा तो गुन्हाच. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाच्या, मुलांचं त्यात वेगळं काय?

उत्तर : कागदपत्रं. लहानपणी आईवडिलांबरोबर आलेल्या, अमेरिकेत राहण्याचे कागद नसलेल्या मुलांचा शाळेचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली मान्य केला. कॉलेजला तो लागू नाही. 2012च्या 'डाका' सवलतीने अशा अनेकांना कामाचा परवाना आणि हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण दिलं. पण एका गंभीर किंवा तीन किरकोळ गुन्ह्यांत दोषी ठरलं की ते जातं. ज्या चुकीसाठी नागरिक असलेला वर्गमित्र दंड भरून घरी जातो, तीच याला देशाबाहेर नेऊ शकते.

बाकी कित्येक लॅटिनो विद्यार्थी तिथेच जन्मलेले नागरिक आहेत. त्यांच्यातल्या काहींनी स्वतः कोर्टाची पायरी चढलेली नसते, पण भाऊ किंवा वडील आत असतात. भावाची तारीख आणि सेमिस्टरची परीक्षा एकाच दिवशी आली, तर गैरहजेरीचं खरं कारण प्राध्यापकांना सांगायला जीभ रेटत नाही.

प्रश्न : ओकलंडमध्ये तुरुंगातून सुटलेल्या एका लॅटिनो तरुणाला मी शिकवते. त्याला मदत कुठे मिळेल? अर्जाच्या निबंधात त्याने तुरुंगाबद्दल लिहावं का?

उत्तर : बर्कली विद्यापीठात 2013 साली सुरू झालेल्या 'अंडरग्राउंड स्कॉलर्स' या माजी कैदी विद्यार्थ्यांच्या गटाकडे जरूर पाठवा. संस्थापकांपैकी डॅनी मुरिओ आणि स्टीव्हन झिफ्रा हे दोघेही पेलिकन बे तुरुंगात एकांतकोठडीत राहिलेले. कॅल स्टेटच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या) अनेक कॅम्पसवर माजी कैद्यांना शिकायला मदत करणारं 'प्रोजेक्ट रिबाउंड' आहे. ते 1967 साली जॉन अर्विन यांनी सुरू केलं, तेही माजी कैदीच. पैशांसाठी पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी अनुदान. कैद्यांना 1994 साली ती बंद झाली होती, 1 जुलै 2023पासून मान्यताप्राप्त तुरुंग-अभ्यासक्रमांसाठी पुन्हा मिळते. सुटून आलेल्याने नेहमीसारखाच अर्ज करायचा.

निबंधाचं त्याच्यावर सोडा. तुम्ही विषय काढू नका. लिहायचं त्याने ठरवलंच, तर पहिला मसुदा सोपं वाटेल त्या भाषेत, हवं तर स्पॅनिशमध्ये, लिहू द्या. इंग्रजी नंतर बघता येईल.