मरीन प्लाय, लेसर आणि चिऱ्याची भिंत

प्रश्न : मास्तर, घरामागच्या मांगरात मी लहानशी कार्यशाळा मांडली आहे. हत्यारं सगळी खोक्यांत. पटाशी हवी असली की आधी पक्कड, मग पाने, मग गंजकी कुलपं बाहेर येतात. मुलाने संगणकावर भिंतीला अडकवायच्या कप्प्यांचं डिझाइन केलंय आणि कुडाळात एका नामफलकवाल्याकडे लेसर यंत्र आहे. प्लायवाला म्हणतो, "आपल्या पावसात मरीनशिवाय काही टिकायचं नाही." लेसरवाला म्हणतो, "मरीन आणलात तर कापून देणार नाही." भिंत चिऱ्याची, आतून गिलावा नाही. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, वेंगुर्ला तालुका

उत्तर : दोघंही खरं बोलतायत. भांडण गोंदाचं आहे. मरीन प्लाय, म्हणजे ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो तो, फिनॉल फॉर्मल्डिहाइडने चिकटवलेला असतो. हा गोंद उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, तसाच लेसरलाही. किरण पहिल्या थरातून जातो, काळपट गोंदाशी अडतो, तिथे कोळसा होतो, आणि यंत्रवाल्याने वेग कमी केला की कडेला ज्वाळ धरते. साधा एमआर प्लाय, म्हणजे नुसत्या दमटपणाला टिकणारा, युरिया फॉर्मल्डिहाइडचा. तो लेसरखाली सरळ कापला जातो, पण जूनपासून भिंतीला टेकून राहिला की थर सुटायला लागतात.

म्हणून कामाची वाटणी करा. भिंतीला जे कायमचं बसणार ते मरीनचं किंवा चांगल्या लाकडाचं, आणि ते सुताराच्या करवतीने. त्यावर जे लटकणार, म्हणजे पटाशांचा कप्पा, पान्यांची मांडणी, ड्रिलचं घर, ते ६ मिमी एमआर प्लायचं, लेसरने. ते भिंतीला थेट लागत नाहीत आणि उद्या एखादा फुगलाच तर फाइल तुमच्याकडे आहे, तेवढाच पुन्हा कापून घ्यायचा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, छान कापला जातो म्हणून कोणी गळ्यात मारेल. घेऊ नका. कोकणात एमडीएफ म्हणजे चहात बुडवलेला खारी बिस्कुट.

आता भिंत. चिरा मऊ असतो आणि त्यात भोकंही असतात, त्यामुळे ड्रिल हॅमरवर ठेवलंत तर छिद्राचं भगदाड होतं. हॅमर बंद करून नुसतं फिरवा, छिद्र दोन चिऱ्यांमधल्या दर्ज्यात न पाडता चिऱ्याच्या पोटात पाडा, स्क्रू धरणारी लांब गिट्टी (प्लग) ठोका आणि ७५ ते १०० मिमीचे स्क्रू वापरा. आधी उभ्या रिपा मारा, साधारण २५ मिमी जाडीच्या, आणि त्यांच्यावर आडव्या पट्ट्या. उभ्याच का? पावसाळ्यात चिऱ्यातून ओल चढते, तेव्हा मागून वारा खालून वर खेळायला वाट लागते. आडव्या रिपा थेट भिंतीला मारल्यात की त्यांच्या डोक्यावर ओलीचे कण साचतात आणि वाळवीला आयतं आमंत्रण. घराचं जुनं छप्पर उतरवलं असेल तर त्यातल्या किडक्या नसलेल्या रिपा या कामाला नव्या लाकडापेक्षा बऱ्या. त्या किती पावसाळे काढून बसल्यात ते तुम्हालाच ठाऊक.

आडव्या पट्ट्या १८ मिमी मरीनच्या, वरची कड ४५ अंशांत तिरकी कापलेली, उतार भिंतीकडे. इथे मुलाला एक गोष्ट सांगा. लेसर सरळ उभाच कापतो, तिरकी कड काढत नाही; म्हणून ही पट्टी सुताराकडूनच. पण कप्प्याच्या बाजूच्या फळ्यांना या तिरक्या कडेवर अडकायला मागून जी तिरकी खाच लागते, ती चित्रातली नुसती तिरकी रेघ आहे, ती लेसर हवी तशी काढतो. खाचेमागचा आकड्याचा भाग किमान २५ मिमी रुंद ठेवा. ड्रिलसारख्या जड वस्तूला बाजूच्या दोन फळ्या चिकटवून एक करा. वाइस आणि ग्राइंडर भिंतीवर नकोतच, ते टेबलावर.

फळ्या एकमेकींत बसवायच्या खाचांच्या मापात मुलं फसतात. '६ मिमी' म्हणून विकलेला प्लाय बहुधा ५.५ ते ५.८ भरतो, आणि एकाच तावात टोकाटोकाला फरक असतो. व्हर्निअर घेऊन पाच-सहा जागी मोजा. त्यात लेसर स्वतः साधारण ०.२ मिमी लाकूड खातो. प्लाय ५.७ निघाला तर चित्रात खाच ५.५ काढावी लागते, तेव्हा ती कापल्यावर ५.७ होते. पण आपल्याकडे मी ५.६ काढायला सांगेन. थंडीत कापलेली घट्ट बसणारी खाच श्रावणात निघत नाही. पूर्ण ताव कापण्याआधी एका तुकड्यावर ५.४ ते ५.९ अशा खाचांची फणी कापून बघा. लेसरवाला कुरकुर करेल, करू द्या.

ताव नेतानाही थोडं डोकं लावा. आठ बाय चारचा ताव त्याच्या यंत्रात मावणार नाही. अशा दुकानांतली बरीच यंत्रं १३०० बाय ९०० मिमीची असतात. प्लायवाल्याकडेच आठ फुटांचे तीन सारखे भाग करून घ्या, प्रत्येक ३२ बाय ४८ इंच. रिक्षातूनही नेता येतात. वरून कागदी मास्किंग टेप लावून कापायला सांगा, नाहीतर धुराचे तपकिरी डाग पृष्ठभागात मुरतात.

कापलेल्या कडा काळ्या असतात. काहींना तो काळा रंग शोभेचा वाटतो. मला तर हात लावला की काजळी लागणारी वस्तू हत्याराजवळ नको. शिवाय त्या काजळीवर गोंद धरत नाही. १२० नंबरच्या कागदाने घासा, ओलसर फडक्याने पुसा, मग पाण्याला टिकणारा गोंद. शेवटी सँडिंग सीलर आणि पॉलियुरेथेनचे दोन हात, कडांना तिसरा, कारण प्लाय पाणी पितो ते कडेने. हे सगळं डिसेंबर-जानेवारीत उरका. मिरग तोंडावर आल्यावर पॉलिश मारलंत तर ते गणपतीपर्यंत चिकट राहील.

स्क्रू एसएसचेच, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे. काळे ड्रायवॉल स्क्रू स्वस्त मिळतात, पण खाऱ्या वाऱ्यात त्यांची डोकी आधी जातात आणि मग ते काढताही येत नाहीत.

प्रश्न : भिंतीवर उघडी हत्यारं गंजतील ना? बंद कपाट करावं का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी आधी येते. करवती, पाने, हातोड्या उघड्याच राहू द्यात, महिन्यातून एकदा मशीन ऑइलचं फडकं फिरवा. रंधे आणि चांगल्या पटाशा मात्र छोट्या पेटीत, सिलिका जेलसकट. मोठं कपाट असेलच तर आत १५ वॉटचा जुना पिवळा दिवा लावून ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, ती खरी आहे. एलईडी लावून उपयोग नाही, त्याला पुरेशी ऊब नसते.

प्रश्न : वाळवीमुळे प्लायचा कंटाळा आला. त्याऐवजी पीव्हीसी फोम बोर्ड लेसरने कापून घेतला तर? दुकानदार म्हणतो पाणी, वाळवी, काही लागत नाही.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : पाणी आणि वाळवी लागत नाही हे खरं. पण पीव्हीसी लेसरखाली कधीही घालू नका. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो छातीत जातो आणि यंत्राच्या पट्ट्या, आरसे, रेल सगळं खातो. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुगा आणि प्लास्टिक यांचा बोर्ड) नावाने जे विकतात त्यातही बहुतेक वेळा पीव्हीसीच असतं, आणि सनमायकासारखी दिसणारी चिकटपट्टीही पुष्कळदा त्याचीच. विकणाऱ्याने शपथ घेतली तरी नाही. हा बोर्ड हवाच असेल तर जिगसॉने कापा, बारीक दात्यांचं पातं लावून, तोंडाला मास्क बांधून. रुंद फळीला मधे आधार द्या, उन्हाळ्यात पत्र्याखाली ती वाकते.