वाचकांचे प्रश्न : एक्सपॅट नवे बसवले, पण चालते जुनेच

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची एक्सएमएल फायलींमध्ये आहे आणि ती वाचण्यासाठी मी सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीममधील एक्सपॅट (एक्सएमएल वाचून देणारी लायब्ररी) जुने असल्याने मी गिटहबवरून त्याचा सोर्स कोड उतरवून घेतला, पण त्यात कॉन्फिगर ही बांधणीची पूर्वतयारी करणारी फाइलच नव्हती. नंतर दुसरी प्रत मिळवली. मेक (सोर्स कोडपासून लायब्ररीची बांधणी) आणि मेक इन्स्टॉल (ती संगणकावर बसवणे) विनातक्रार पार पडले, तरी माझा प्रोग्राम जुनीच आवृत्ती दाखवतो. शिवाय मजकूर मराठी असल्यामुळे एक्सएमएल_युनिकोड हा पर्याय चालू करायला हवा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कॉन्फिगर न सापडण्याचे कारण साधे आहे. जेम्स क्लार्क यांनी लिहिलेल्या आणि आज स्वयंसेवकांच्या हाती असलेल्या या लायब्ररीच्या रिपॉझिटरीत, म्हणजे गिटहबवरील मूळ कोडच्या साठ्यात, कॉन्फिगर साठवलेलेच नसते. एक्सपॅट नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये जाऊन बिल्डकॉन्फ ही स्क्रिप्ट चालवली, की ते तयार होते, आणि त्यासाठी ऑटोकॉन्फ, ऑटोमेक व लिबटूल संगणकावर असावे लागतात. प्रकाशित आवृत्तीच्या टार फाइलमध्ये मात्र ते तयार मिळते. गिटहब प्रत्येक आवृत्तीखाली ‘सोर्स कोड’ नावाच्या आणखी दोन फायली आपोआप जोडते. त्या म्हणजे रिपॉझिटरीचीच नक्कल असल्याने त्या घेतल्यास पुन्हा तीच अडचण येईल.

जुनी आवृत्ती दिसण्याचा भाग अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. काहीही न सांगता बांधणी केली, तर मेक इन्स्टॉल सगळ्या फायली यूएसआर-लोकल या फोल्डरखाली ठेवते, आणि उबुंटूची स्वतःची प्रत आपल्या जागी तशीच राहते. म्हणजे संगणकावर आता दोन एक्सपॅट आहेत. त्यांतले कोणते घ्यायचे हे दोनदा ठरते : प्रोग्राम कंपाइल होताना कोणती हेडर फाइल (लायब्ररीतील फंक्शनांची यादी देणारी) सापडते यावर एकदा, आणि प्रोग्राम सुरू होताना लोडर (लायब्ररी शोधून प्रोग्रामला जोडणारा सिस्टीमचा भाग) कोणती शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रामांना सामायिक असलेली फाइल, उचलतो यावर दुसऱ्यांदा. हेडरमधील आवृत्तीचे आकडे आणि एक्सएमएल_एक्सपॅटव्हर्जन या फंक्शनने दिलेले उत्तर, दोन्ही आपल्या प्रोग्राममधून छापून पाहा. आकडे नवे आणि फंक्शनचे उत्तर जुने असेल, तर गफलत लोडरच्या बाजूला आहे. एलडीडी ही कमांड प्रोग्रामवर चालवली, की नेमकी कुठली फाइल उचलली गेली ते दिसेल.

लोडर प्रत्येक वेळी सगळी फोल्डरे धुंडाळत नाही, तो आधी बनवलेली यादी पाहतो. नवी लायब्ररी बसवल्यावर ती यादी ताजी करण्यासाठी प्रशासकाच्या अधिकाराने एलडीकॉन्फिग चालवावे लागते, आणि आपल्याकडून बहुधा हीच पायरी राहिली असावी. परंतु उबुंटूत ती पूर्ण केल्यावर यूएसआर-लोकलमधील प्रतीला अग्रक्रम मिळतो, त्यामुळे एक्सपॅट वापरणारे सिस्टीममधील इतर प्रोग्रामही आपण बांधलेल्या प्रतीवर चालू लागतात. एका ग्रंथसूचीसाठी एवढी जोखीम घेऊ नये असे आमचे मत आहे. कॉन्फिगरला प्रीफिक्स हा पर्याय देऊन होम फोल्डरमधील एखादी वेगळी जागा ठरवा, मेक झाल्यावर मेक चेक चालवून चाचण्या उत्तीर्ण होतात याची खात्री करा आणि मगच मेक इन्स्टॉल करा. या मार्गाने प्रशासकाचा अधिकारही लागत नाही. आपला प्रोग्राम लिंक करताना त्या जागेतील लिब फोल्डरचा मार्ग आरपाथ (लायब्ररी कुठे शोधावी याची प्रोग्राममध्येच केलेली नोंद) म्हणून नोंदवला, की लोडर आपल्या प्रोग्रामपुरता तिथेच पाहतो.

नवी आवृत्ती खरोखर हवी आहे का, हेही तपासा. मोजक्या ओळींची फाइल एकमेकांत गुंफलेल्या एंटिटींमुळे (मोठ्या मजकुराच्या जागी वापरायची छोटी नावे) उलगडताना अवाढव्य होते, त्या हल्ल्यापासूनचे संरक्षण एक्सपॅटमध्ये 2021 साली 2.4.0 या आवृत्तीत आले. तसे काही ठरावीक हवे असल्यास बांधणीचा खटाटोप सार्थ आहे. केवळ सुरक्षेची चिंता असेल, तर उबुंटू आवृत्तीचा मूळ आकडा न बदलता सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या प्रतीतच घालत असते, हे लक्षात घ्यावे. आकडा जुना आहे म्हणून कोड असुरक्षित आहे असे होत नाही.

एक्सएमएल_युनिकोड चालू करू नका. त्या पर्यायाच्या नावामुळे गैरसमज होतो, पण देवनागरी वाचता येण्याशी त्याचा संबंध नाही. एक्सपॅट यूटीएफ-8 आणि यूटीएफ-16 हे युनिकोड मजकूर साठवण्याचे दोन्ही प्रकार मुळातच वाचते आणि आपल्या प्रोग्रामला मजकूर यूटीएफ-8 मध्ये देते. तो पर्याय दिल्यास हा मजकूर यूटीएफ-16 मध्ये येऊ लागतो आणि सध्याचा प्रोग्राम ठिकठिकाणी बदलावा लागतो.

ग्रंथसूचीतील जुन्या नोंदी श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या असतील, तर अडचण निराळी आहे. अशा फाइलच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) म्हणून आयएसओ-8859-1 ही पश्चिम युरोपीय भाषांसाठीची पद्धत लिहिलेली असल्यास एक्सपॅट ती बिनतक्रार वाचेल, पण हाती येतील ती युरोपीय अक्षरे आणि चिन्हे, कारण त्या फाइलमध्ये देवनागरी फक्त फाँटच्या आकारांत असते. त्या फायली आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि पहिल्या ओळीतील एन्कोडिंगची नोंदही त्याच वेळी यूटीएफ-8 अशी बदला.