भोसरीतल्या आमच्या युनिटच्या सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप एसक्यूएलच्या फाइलींवर 'एरर ३२, फाइल वापरात आहे' म्हणून अडतो. काय करू?

उत्तर: सगळे घरी गेले तरी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरची सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चालूच असते आणि एमडीएफ (डेटाची), एलडीएफ (व्यवहारांच्या नोंदींची) या फाइली तिने धरून ठेवलेल्या असतात. त्यामुळे एरर बरोबरच आहे. गुरुवारच्या सुट्टीत सर्व्हिस बंद करून फाइली कॉपी करता येतील, पण मग बाकीच्या सहा दिवसांचं काय?

त्या फाइलींच्या मागे लागूच नका. 'बॅकअप डेटाबेस' कमांडने चालू डेटाबेसमधूनच बीएके फाइल (डेटाबेसची बॅकअप प्रत) काढा आणि नेहमीच्या बॅकअपला तीच उचलू द्या. एमडीएफ-एलडीएफ यादीतून वगळा. लहान युनिटांत बहुधा एक्सप्रेस आवृत्ती असते, तिच्यात एजंट (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा भाग) नसतो. म्हणून ही कमांड एसक्यूएलसीएमडी या टूलने चालवणारी बॅच फाइल विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावा, रोजच्या बॅकअपच्या तासभर आधी.

इथे हमखास फसगत होते ती मॅप केलेल्या ड्राइव्हवर (ड्राइव्हचं अक्षर दिलेलं नेटवर्कवरचं फोल्डर). तुम्हाला दिसणारा झेड ड्राइव्ह एसक्यूएलच्या सर्व्हिसला दिसत नाही. बीएके फाइल आधी लोकल डिस्कवरच काढा, आणि त्या फोल्डरवर सर्व्हिसच्या अकाउंटला लिहायची परवानगी द्या.

अख्ख्या सर्व्हरची इमेज घेत असाल तर गोष्ट वेगळी: ते काम व्हीएसएसवर (चालू फाइलींचीही प्रत घेऊ देणाऱ्या विंडोजच्या सोयीवर) चालतं. अॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हीएसएसअॅडमिन लिस्ट रायटर्स' चालवा. यादीत एसक्यूएलचा रायटर (प्रत घेताना डेटाबेस सांभाळणारा भाग) नसेल तर 'एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर' ही सर्व्हिस बहुधा बंद असेल; तो 'फेल्ड' दिसला तर ती रीस्टार्ट करा.

बीएके फाइल एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघा. नुसत्या हिरव्या टिकवर माझा तरी विश्वास नाही.